तारेचे दुसरे टोक : विज्ञानकथा, माध्यमांतर आणि भाकितांची वही

विज्ञानकथेची चर्चा सुरू झाली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरल्याप्रमाणे पुढे येतात. पहिला प्रश्न, 'यातले किती खरे ठरले?' कथेवरून चित्रपट निघाला असेल तर दुसरा प्रश्न, 'पुस्तकातले किती पडद्यावर आले?' पहिला प्रश्न बहुधा विज्ञानाचे प्राध्यापक विचारतात आणि दुसरा साहित्याचे. विज्ञानकथेचे निष्ठावंत चाहते दोन्ही विचारतात. (त्या चाहत्यांत आमची गणना कोणी केली तर आम्हांला आनंदच आहे.) परिसंवादांतले तास आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतली पाने या दोन प्रश्नांनी आजवर किती खाल्ली असतील याचा हिशोब नाही. आमचे म्हणणे असे की हे दोन प्रश्न नाहीतच. एकच प्रश्न दोन वेषांत हिंडतो आहे, आणि त्याने मराठी विज्ञानकथेच्या वाचनाचे आणि त्याहून अधिक तिच्या अध्यापनाचे नुकसान केले आहे.

दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी, की कथा म्हणजे आराखडा. अभियंत्याने नकाशा काढावा, गवंड्याने त्याबरहुकूम भिंत उभारावी, आणि मग कोणीतरी फूटपट्टी घेऊन मोजमाप करावे. भाकितांची वही लिहिणाऱ्यांच्या लेखी भविष्यकाळ हा गवंडी असतो. मूलनिष्ठेची तक्रार करणाऱ्यांच्या लेखी दिग्दर्शक हा गवंडी असतो. दोघांनीही नकाशापासून ढळायचे नाही, आणि ढळले की गुण कापायचे. ललित साहित्याच्या अन्य कोणत्याही प्रकाराला आपण ही फूटपट्टी लावत नाही. 'ती फुलराणी' शॉच्या नाटकाशी किती प्रामाणिक आहे हे तपासत कोणी प्रेक्षागृहात बसत नाही. फुले विकणारी मुलगी मराठी बोलू लागली आणि तिच्या बोलीवरून तिची पायरी ठरवणारा समाजही मराठी झाला, एवढ्याने त्या रूपांतराचे सार्थक झाले. विज्ञानकथेच्या दारात मात्र आपण टेप घेऊन उभे.

भाकितांच्या वहीचे पहिले पान नेहमीच ज्यूल व्हर्नच्या नावाचे असते. त्याच्या १८६५ सालच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीत फ्लॉरिडातून गोळा सुटतो आणि त्यात तिघे बसलेले असतात. १९६९ साली अपोलो-११ फ्लॉरिडातूनच सुटले आणि त्यातही तिघेच होते. केवढा हा द्रष्टेपणा! ही जुळणी सांगताना एक बाब अलगद गाळली जाते. व्हर्नचा गोळा तोफेतून उडतो, आणि त्या धक्क्याने आतल्या तिघांचा जागच्या जागी चेंदामेंदा झाला असता. आराखडा म्हणून ही कादंबरी पहिल्याच परीक्षेत नापास होते. ती वाचावी ती वेगळ्याच कारणासाठी. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले आहे. तोफा ओतणारे लोक एकाएकी रिकामे झाले आहेत. बाल्टिमोरच्या त्यांच्या मंडळात हात-पाय गमावलेले तोफतज्ज्ञ जांभया देत बसले आहेत, आणि या रिकामपणातून चंद्रावर गोळा डागण्याची टूम निघते. युद्धाचा कारखाना शांततेच्या दिवसांत स्वतःसाठी काम कसे शोधून काढतो, हे व्हर्नने हसतखेळत सांगून ठेवले आहे. त्या हसण्यामागे काय आहे, हे आमच्या वर्गात फारसे कोणी विचारत नाही. फ्लॉरिडाचा योगायोग मात्र प्रत्येकाला पाठ असतो.

आणि मराठी विज्ञानकथेचा उगम तर याच कादंबरीच्या रूपांतरात सांगितला जातो. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० साली व्हर्नवर आधारित 'चंद्रलोकची सफर' छापली गेली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावेच पाहावीत. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हटले की तो आपल्या अंगणातून दिसू लागतो. रूपांतर म्हणजे उसनवारी, म्हणून दुय्यम, असा शेरा विज्ञानकथेच्या इतिहासलेखनात अनेकदा येतो आणि मग 'पहिली स्वतंत्र विज्ञानकथा' कोणती याचा शोध सुरू होतो. आम्हांला या शोधात रस नाही. ज्या भाषेत आगरकरांनी हॅम्लेट आणि देवलांनी ऑथेल्लो आपल्या घरी आणला, त्या भाषेने रूपांतराची लाज बाळगावी असे काही नाही. प्रश्न आहे तो असा, की परकी कथा घरी आणताना तिच्यातले नेमके काय उचलायचे. यंत्र, की यंत्राभोवतीची माणसे?

हा प्रश्न आम्हांला केवळ तात्त्विक वाटत नाही, याला कारण आमचा मुलूख आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे जाताना हजारो लोकांनी पाहिले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे पडलेले आढळले. पवनपार परिसरात धातूचा एक गोळा सापडला. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणार होता, आणि हे अवशेष त्याचेच असावेत असे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. म्हणजे धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि वाघाच्या पाऊलखुणा असलेल्या तालुक्यात अवकाशयुग आले ते असे, भंगार होऊन.

या घटनेने ज्या कादंबरीची आठवण व्हावी ती कादंबरी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून झालेली आहे. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' १९७२ साली प्रसिद्ध झाली. परग्रहावरचे कोणी पृथ्वीवर येऊन गेले आहेत. ते माणसांशी बोललेले नाहीत, आणि माणसांकडे त्यांचे लक्ष गेले की नाही तेही कळायला मार्ग नाही. रस्त्याकडेला सहलीला आलेल्यांनी राख, डबे, कागद टाकून निघून जावे आणि रानातल्या जनावरांनी भेदरून त्या कचऱ्याभोवती फिरावे, तसे ते वस्तू टाकून गेले आहेत. त्या निषिद्ध प्रदेशात जीव धोक्यात घालून शिरणारी, वस्तू चोरून आणून विकणारी गरीब माणसे हा कादंबरीचा विषय आहे. त्या वस्तूंची कादंबरीत लयलूट आहे आणि एकेक शोध असा की चाहत्याने हरखून जावे. तार्कोव्स्कीने १९७९ साली त्यावरून 'स्टॉकर' केला तेव्हा हे जवळजवळ सगळे शोध टाकून दिले. पडद्यावर उरतात तीन माणसे, ओले गवत, पडकी वीजकेंद्रे आणि साचलेले पाणी. टेप घेऊन बसणाऱ्याने या चित्रपटाला शंभरात दहा गुण द्यावेत. तरीही कादंबरीच्या गाभ्याला तो ज्या प्रकारे भिडला, तसे मूलनिष्ठ चित्रपटांना क्वचितच जमले आहे. आणि गंमत अशी की पटकथा खुद्द स्त्रुगात्स्की बंधूंच्या नावावर आहे. लेखकांनीच आपला नकाशा फाडला, तर मोजणाऱ्यांनी काय मोजायचे?

प्रत्येक फाडाफाडी शहाणपणाची असते असे मात्र आम्ही म्हणत नाही. तार्कोव्स्कीच्याच 'सोलारिस'वर मूळ लेखक स्टानिस्लाव लेम नाखूश होता. आपल्या कादंबरीऐवजी याने दोस्तोयव्हस्की केला, अशा अर्थाची त्याची तक्रार प्रसिद्ध आहे, आणि ती आम्हांला निम्मी पटते. मात्र लेमची तक्रार नीट पाहिली तर ती तपशील गाळल्याची नाही. माणसाच्या आकलनाबाहेरचे काही असू शकते हा विचार गाळला गेला, अशी ती आहे. गाळले काय आणि राखले काय, हा तराजू वापरायचाच असेल तर पारड्यात विचार टाकावा, वस्तू नव्हे.

वस्तू राखून विचार गाळण्याचा सर्वांत बोलका नमुना वेल्सच्या 'द टाइम मशीन'चा आहे. १८९५ सालच्या या छोट्या कादंबरीतला प्रवासी इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो. तिथे जमिनीवर एलॉय राहतात, देखणे, ऐदी आणि बालिश. जमिनीखाली मॉरलॉक राहतात. ते यंत्रे चालवतात आणि रात्री वर येऊन एलॉयना खातात. हे दोन वंश झाले कसे, याचे वेल्सने दिलेले उत्तर सरळ आहे. कामगारांना आधी कारखान्यांत, तळघरांत, भुयारांत ढकलले; मग ते तिथेच राहू लागले; मग ते वेगळेच प्राणी झाले. लंडनमधली वर्गांची दरी त्याने आठ लाख वर्षे पुढे ओढून नेली. आता चित्रपट पाहा. १९६० साली जॉर्ज पालने केलेल्या चित्रपटात ही फाटाफूट युद्धामुळे होते, काही माणसे जमिनीखाली आश्रयाला गेली म्हणून. २००२ सालच्या चित्रपटात तर चंद्रच फुटतो, आणि नायकाला काळप्रवासासाठी मेलेल्या प्रेयसीचे निमित्त लागते. त्याचा दिग्दर्शक सायमन वेल्स हा लेखकाचा सख्खा पणतू. दोन्ही चित्रपटांत यंत्र हुबेहूब आहे, चकचकीत आहे, १९६० मधले तर संग्रहात ठेवावे इतके देखणे. गळाला तो फक्त कामगार. मूलनिष्ठेचे पहारेकरी इथे मुकाट बसतात, कारण यंत्र जागेवर आहे.

हे आम्ही चंद्रपुरात बसून वाचतो तेव्हा काय होते ते आता सांगतो. या जिल्ह्यात वरोऱ्यापासून एकोणिसाव्या शतकातच कोळसा निघू लागला. शहराखालून आणि शहराभोवती खाणी आहेत. भूमिगत खाणीत पाळीवर उतरणाऱ्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे अशी ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. ती सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब आहे आणि १५०० मेगावॉट वीज महाराष्ट्र ओलांडून मुंबईच्या दाराशी नेऊ शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणक्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथे होते. वेल्सची कादंबरी मराठीत आणायची तर तिची जागा कोणती, हे विचारायला नको. एलॉयचा दिवा एका टोकाला लागतो आणि राख दुसऱ्या टोकाला पडते. तार दोघांना जोडते, आणि तारेवरून फक्त एकाच दिशेने काही जाते. इतके तयार रूपक डोळ्यांपुढे असताना मराठी विज्ञानकथेतले भविष्य मात्र पुण्यात, मुंबईत, आणि थोडे परवडत असेल तर ह्यूस्टनला घडते. प्रयोगशाळेत दिवा आहे. तो कुठल्या तारेवर आहे, हे नायकाला माहीत नाही.

ही लेखकांची कुचराई आहे असे म्हणून हात झटकता येतील, पण ते अन्यायाचे होईल. विज्ञानकथा आपल्याकडे कोणाच्या घरात वाढली हे पाहिले पाहिजे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने या प्रकाराला लेखक दिले. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेऊन, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, पत्नीच्या हस्ताक्षरात 'कृष्णविवर' ही कथा त्या स्पर्धेला पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो, पण त्यातला मुद्दा विसरतो. आपले नाव बाजूला ठेवून केवळ कथा तपासली जावी, एवढेच त्यांना हवे होते. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. त्यानंतर मात्र साहित्यसमीक्षेने बहुतेक काळ हे मूल विज्ञानप्रसाराच्या दारात ठेवून दिले. विज्ञानप्रसाराच्या घरात कथेने उपयोगी पडणे अपेक्षित असते. तिने माहिती द्यावी, अंधश्रद्धा घालवावी, कुतूहल वाढवावे. उपयोगी मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'किती खरे ठरले' हा रकाना येणारच. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हाही विज्ञानप्रसारक नारळीकरांचा जेवढा गौरव झाला तेवढी कथाकार नारळीकरांची चर्चा झाली नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. ती चर्चा राहूनच गेली आहे.

ती करायची तर 'गंगाधरपंतांचे पानिपत'पासून करावी. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, हा तिथला धागा. एका अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक दुसऱ्याच इतिहासात जागे होतात. त्या हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, मुंबई तिचीच आहे आणि प्राध्यापक ग्रंथालयात बसून आपला हरवलेला इतिहास पानापानांत धुंडाळतात. या कथेत नवे यंत्र एकही नाही! शेवटी पदार्थविज्ञानाचे स्पष्टीकरण येते, आणि आमचे मत विचाराल तर तोच कथेचा सर्वांत अशक्त भाग आहे. कथा लक्षात राहते ती बखरीच्या एका पानासाठी. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात घेतले गेले. देशभरची मुले तिला इंग्रजी धडा म्हणून ओळखतात आणि मराठीचा विद्यार्थी तिला अनेकदा ओळखतच नाही.

आता अभ्यासक्रमाकडे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची साधारण घडण आपल्याला ठाऊक आहे. एका घटकात 'विज्ञान साहित्य' असते आणि दुसऱ्यात 'आदिवासी साहित्य'. पहिल्याची वैशिष्ट्ये म्हणजे कल्पकता, भविष्यवेध, वैज्ञानिक दृष्टी. दुसऱ्याची म्हणजे परंपरा, निसर्ग, लोकजीवन, वेदना. दोन घटकांमध्ये एक भिंत आहे आणि तिला दार नाही. गडचिरोली जिल्ह्यातला विद्यार्थी या मांडणीत आपोआप दुसऱ्या घटकात जाऊन बसतो. त्याच्या वाट्याला भूतकाळ भरपूर आहे. सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरांचे जीवाश्म आहेत, मार्कंड्याला मंदिरे, चंद्रपूरला गोंडकालीन परकोट. भविष्य हे त्याने पहिल्या घटकात वाचायचे, आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी. मग एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावरून निघणारे लोहखनिज कोणत्या घटकात बसवायचे? वर घिरट्या घालणारा ड्रोन? ताडोबाच्या बफर क्षेत्रात सीतारामपेठ गावाभोवती २०२३ मध्ये कॅमेरे बसले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वाघ ओळखतात आणि गावाला इशारा देतात. झीनत ही ताडोबाची वाघीण नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशातल्या सिमलीपालला सोडली गेली. गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालपर्यंत चालत गेली आणि डिसेंबरअखेर बांकुरात पकडली गेली. यांत कल्पावे लागेल असे काय उरले आहे?

फिलिप के. डिकच्या १९६८ सालच्या कादंबरीत खरे प्राणी जवळजवळ संपलेले आहेत. ज्याच्या घरी जिवंत प्राणी त्याची प्रतिष्ठा मोठी, आणि ज्याला परवडत नाही त्याने विजेवर चालणारी मेंढी पाळायची. नायकाच्या साऱ्या धडपडीमागे एक खरा प्राणी घेण्याची हाव आहे. १९८२ साली रिडली स्कॉटने त्यावरून 'ब्लेड रनर' केला. त्यात पाऊस, दिवे आणि उडत्या मोटारी आल्या आणि प्राण्यांची सगळी बाजारपेठ एखाद्या घुबडात आणि सापात आटोपली. चित्रपट आम्हांला प्रिय आहे. त्याचे कथानक नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते, आणि ते वर्ष उजाडल्यावर उडत्या मोटारींचा हिशोब जगभर मागितला गेला. डिकच्या जिवंत प्राण्याच्या भावाचा हिशोब कोणी मागितला का? सफारीच्या जिप्सीत वाघ 'दिसला' की 'नाही दिसला' यावर दिवसाचे सोने किंवा माती होताना आम्ही पाहतो. हे भाकीत खरे ठरले म्हणून डिक थोर, असे मात्र आम्हांला म्हणायचे नाही, नाहीतर आमच्याही हातात तीच वही येईल. जिवंतपणाला किंमत लागते तेव्हा माणसाचे काय होते, हे त्याला दिसले, म्हणून तो वाचायचा.

आणि शोध म्हणजे तरी काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालन्यूमोनियावर काम करताना एक साधन तयार केले. त्यात वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. अक्षरओळख नसलेल्या सुईणीने बाळाचे श्वास मोजत मणी सरकवायचे. वाळू संपायच्या आत मणी ठरलेल्या खुणेपर्यंत गेले, तर न्यूमोनिया. विजेची गरज नाही, अंक वाचायची गरज नाही. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूतांच्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि त्यांचा पडसाद जगभर उमटला. मराठी विज्ञानकथेतल्या संशोधकांनी आजवर अणुऊर्जा, काळयंत्रे, यंत्रमानव, अमरत्वाची रसायने अशी भरघोस निर्मिती केली. मात्र ज्ञान कोणाच्या हातात द्यायचे हा ज्याचा पहिला प्रश्न आहे, असे साधन त्यांच्यापैकी किती जणांना सुचले?

इथे आमच्याच काही मित्रांचा आक्षेप येतो. तो असा, की तुम्ही विज्ञानकथेला ग्रामीण कथा करायला निघालात. तिला अंतराळ सोडून धानाच्या बांधीत उतरवता. आणि रूपांतरात वाटेल ती मोडतोड चालेल म्हणता. यातली मोडतोड कशी करावी हे शिकायला फार लांब जायला नको. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. शंकरपट भरतो, आणि रात्री मंडप उभा राहतो. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते, आणि शहरी नाटकाचे कथानक तिथे आले की त्यात लावणी शिरते, विनोदी पात्र शिरते, गावच्या पाटलाला लागेल असा टोमणा शिरतो. शहरी समीक्षकाला ते भडक वाटते, आणि काही नाटके भडक असतातही. पण प्रेक्षक उठून गेला तर हंगाम बुडतो, ही कसोटी तिथल्या रूपांतरकाराला ठाऊक असते, आणि म्हणून कथेतले काय जिवंत आहे ते त्याला चटकन कळते. मराठी विज्ञान-चित्रपटाला अशी नजर अजून मिळालेली नाही. 'फुंतरू'सारखा (२०१६) एखादा प्रयत्न होतो, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात घडतो, आणि विसरला जातो. नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' (२०१८) भयकथेच्या वाटेने गेला, हिंदीत झाला, पण त्यातला पाऊस, वाडा आणि हाव कोकणातलीच राहिली. रूपांतराला जागा लागते, हे त्याने दाखवून दिले. अंतराळ सोडा असे आम्ही कोणालाच म्हटलेले नाही. अंतराळच लाडबोरीला येऊन पडले.

गेली काही वर्षे आम्ही पदव्युत्तर वर्गात 'रोडसाइड पिकनिक'चा गाभा थोडक्यात सांगतो आणि त्याचे रूपांतर सिंदेवाही तालुक्यात करायला लावतो. अट एकच, नवे यंत्र कल्पायचे नाही. एकाने सगळी कथा पंचनाम्याच्या भाषेत लिहिली. 'वस्तूचा मालक' या रकान्यापाशी हवालदार अडतो. त्या रकान्यापायी त्या विद्यार्थ्याने १९७२चा अंतराळ-दायित्व करार शोधून काढला. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर प्रक्षेपण करणारा देश जबाबदार, आणि १९७८ मध्ये कॅनडात सोव्हिएत उपग्रह कोसळल्यावर त्याची तीस लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली गेली, हे त्याने आम्हांला सांगितले. एटापल्लीकडच्या एकाच्या कथेत गोळे जळत जातात तेव्हा गावातले कोणी मान वर करीत नाही. वरून काहीतरी फिरत असते, हे तिथे नित्याचे आहे. एका विद्यार्थिनीची कथा पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईची होती. हंगाम एप्रिलचाच. कडे नेमके मोहाच्या झाडाखाली पडले आहे, वनरक्षकाने कड्याच्या आत पाऊल टाकायला मनाई केली आहे, आणि आत दोन टोपल्या मोह पडला आहे. बाई कड्याकडे पाहतच नाही, ती मोहाकडे पाहते.

ही कथा वाचून आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले, यात विज्ञान कुठे आहे? ती मुलगी त्याच आठवड्यात दोनदा पदार्थविज्ञान विभागात जाऊन आली होती. एवढ्या उंचीवरून पडलेले कडे हवेत जळून का गेले नाही, ते तिला समजून घ्यायचे होते. आणि रात्री आठाच्या सुमारास पडलेले धातूचे कडे पहाटे चारपर्यंत गरम राहील का, हेही तिला हवे होते, कारण त्याला टेकलेली फुले भाजली असतील तर बाईला त्यांचा भाव मिळाला नसता.